‘प्रवेश बंद’च्या खाली कारणही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस स्थिरावला की ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत धबधब्यांवरच्या मनाईचे आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागते. खारघरला पांडवकडा धबधब्याच्या वाटेवर बंदोबस्त लागतो, ठाण्याला येऊरच्या फाटकावरून गाड्या परत फिरतात. आठवडाभर घरात कोंडलेली मुले टॉवेल मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलेली असतात, त्यामुळे परत फिरलेली गाडी घरी जात नाही. पुढच्या वळणावर रस्त्याकडेला जो ओहोळ दिसेल तिथे ती थांबते. तिथे पोलीस नसतो, फलक नसतो आणि दोरही नसतो.

मनाई चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. ती पाळलीच पाहिजे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर ती वन्यजीवांसाठीही आहे. पण फलकावर ‘प्रवेश बंद’ आणि शिक्षेचे कलम एवढेच असते, कशासाठी बंद ते नसते. मग वाचणारा आपल्या परीने कारण लावतो: दारू पिणाऱ्यांमुळे असेल, हुल्लडबाजांमुळे असेल. आपण तर आजी-आजोबांना घेऊन आलो आहोत, पोहणार नाही, घोट्याएवढ्या पाण्यात मुलांचे पाय भिजवू आणि निघू. घोट्याएवढे पाणी घोट्याएवढेच राहील, हे त्यात गृहीत धरलेले असते. सह्याद्रीच्या ओढ्यांत घात होतो तो याच गृहीतकामुळे.

आपला डोंगर काळ्या कातळाचा. वर मातीचा थर पातळ. जुलैच्या मध्यापर्यंत तो पाणी पिऊन गच्च होतो आणि त्यानंतर पडलेले बहुतेक पाणी थेट खाली धावते. एक चौरस किलोमीटर पठारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत हे नवलाचे नाही, तर ते पाणी ५ कोटी लिटर भरते. त्यातले निम्मे जरी त्या तासात एकाच घळीतून उतरले, तरी सेकंदाला सुमारे ७ हजार लिटर होते. सोसायटीत येतो तो १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तसा एक टँकर दर दीड सेकंदाला त्या घळीत रिकामा होतो आहे, आणि तासापूर्वी तिथे मुले कागदाच्या होड्या सोडत होती.

हा पाऊस तुमच्या डोक्यावर पडलाच पाहिजे असेही नाही. खारघरच्या डोंगरावर, चाफेवाडी-फणसवाडीच्या अंगाला सर कोसळत असताना खाली सेक्टरमध्ये रस्ते कोरडे असू शकतात. तीव्र उतारावर पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने आले, तर दीड किलोमीटर अंतर ते आठ-नऊ मिनिटांत कापते. दगडगोट्यांतून आजीला आणि पाच वर्षांच्या मुलाला हात धरून काठावर आणायला, पिशव्या गोळा करायला याहून जास्त वेळ लागतो. वाळवंटातल्या दऱ्यांतही असाच घात होतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून गेले. ते उभे होते तिथे फारसा पाऊस नव्हता, सर कोसळली होती ती कितीतरी मैल वर. कोरड्या प्रदेशात हे क्वचित होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोणत्याही दिवशी होऊ शकते.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका घरातले पाच जण गेले, त्यांत चार मुले होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे अनेकांनी चित्रफितीत पाहिली. त्या क्षणी कोणीही जवळच्या माणसाला धरणारच, त्यात त्यांची चूक नाही. पाण्याचा जोर कसा वाढतो हे मात्र प्रत्येक आईबापाला ठाऊक हवे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. वेगवान प्रवाह असेल तर वीतभरही नसलेले पाणी, १५ सेंटिमीटर, मोठ्या माणसाचे पाय काढून घेते. जे तुमच्या गुडघ्याला लागते ते चार वर्षांच्या मुलाच्या कमरेला असते. आणि घोळका करून उभे राहिले की पाण्याला अडवणारी भिंत रुंद होते, एकाचा पाय सुटला की सगळे सुटतात.

पाणी चढण्याआधी बहुतेक वेळा खुणा देते. सगळ्यांत भरवशाची खूण रंगाची. नितळ पाणी चहासारखे गढूळ झाले, की वर लोंढा सुटला आहे असे समजावे. त्याच्या जोडीला वाळकी पाने, काटक्या, फेसाचे पुंजके वाहत येऊ लागतात. आवाज जड होतो, शेजारच्याशी बोलायला स्वर चढवावा लागतो. एक खूण फसवी आहे: पाणी एकाएकी कमी होते. लोकांना वाटते बरे झाले, आता आत जाता येईल. पण वर एखादे झाड किंवा फांद्यांचा ढीग अडकून पाणी तुंबलेले असू शकते, आणि तो अडथळा फुटला की साठलेले सगळे एकदम येते. यांपैकी एकही खूण दिसली की चपला, डबे, पिशव्या सोडून निघायचे. ओढ्याच्या पात्रातून खाली पळायचे नाही, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने पळते. आडवे, चढाच्या बाजूला जायचे.

पोचल्याबरोबर दोन कामे करावीत. पाण्याच्या रेषेला लागून ओळखू येईल असा दगड ठेवावा आणि दर दहा मिनिटांनी पाहावे. पाणी चार बोटे वर आले तर दिवस संपला, वर ऊन असले तरी. दुसरे, काठावरच्या झुडपांकडे पाहावे. वाळके गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या ज्या उंचीवर अडकल्या आहेत तिथपर्यंत पाणी येऊन गेलेले आहे. बैठक त्याच्या वर मांडायची, खाली कितीही सपाट आणि सुंदर कातळ दिसला तरी.

ओढा ओलांडून पलीकडे जाऊ नये, हे सांगून लोक ऐकत नाहीत, कारण सकाळी आठ वाजता तो सहज ओलांडता येतो. बऱ्याच सुटका-मोहिमा अशाच माणसांसाठी असतात: सकाळी पलीकडे गेले, दुपारी परत येता येईना. गाडी ज्या काठाला, आपण त्या काठाला, हा नियम मुलांनाही पाठ व्हावा. आणि अडकलातच, तर पाण्यात उतरू नका. या ओढ्यांचा पाणलोट छोटा असतो. पाणी झपाट्याने चढते तसे सर थांबल्यावर काही तासांत उतरतेही. भिजत, उपाशी, अंधारात बसावे लागले तरी काठावर बसलेला माणूस घरी जातो.

आता डोहाबद्दल. धबधब्याच्या पायथ्याचे पाणी पांढरे दिसते ते हवेच्या बुडबुड्यांमुळे. बुडबुडे मिसळलेले पाणी हलके असते, ते माणसाला उचलून धरत नाही. तलावात आरामात तरंगणारा इथे खाली जातो. वरून पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडेच वळते आणि पोहणाऱ्याला तिच्याखाली ओढते. म्हणून ‘पोहता येते’ हे उत्तर धबधब्यापाशी अपुरे आहे. धारेखाली डोके धरून उभे राहण्याची हौस तर पुरती सोडावी. पांडवकड्याची उंची सुमारे १०७ मीटर. तिथून सुटलेला लिंबाएवढा दगड खाली पोचेपर्यंत ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो, आणि पाण्याच्या पडद्यात तो दिसतही नाही.

पाय घसरून कोणी वाहू लागलाच, तर उभे राहण्याची धडपड करू नये. दोन दगडांच्या बेचक्यात पाय अडकतो, मागचे पाणी धड पुढे ढकलते आणि तोंड पाण्याखाली जाते. कमरेएवढ्या पाण्यातही माणसे अशी जातात. पाठीवर पडायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर, म्हणजे दगड पायाला लागतील, डोक्याला नाही. मग हात मारत तिरपे काठाकडे सरकायचे. पाणी गुडघ्याच्या खाली आले की मगच उठायचे.

काठावरच्यांनी उडी मारायची नाही. दोर फेकायचा. बाजारात मिळणारा नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो, सुताचाही बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. जाडी ८ ते १० मिलिमीटर, लांबी १५ ते २० मीटर पुरे. त्याच्या टोकाला तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन घट्ट झाकण लावून बांधावा. कॅनमध्ये दोन पेले पाणी ठेवावे, म्हणजे फेकताना तो वाऱ्यावर भरकटत नाही. असा कॅन चार-साडेचार किलोचा तरंगता आधार देतो, मोठ्या माणसाचे तोंड पाण्यावर राहायला तेवढी मदत बरीच असते. फेकणाऱ्याने बसून, टाचा दगडाला रोवून दोर धरावा. स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला तो कधीही गुंडाळू नये. वाहणाऱ्याने दोर धरला की प्रवाहच त्याला झोका देऊन काठाला लावतो. दोर नसेल तर ओढण्या गाठी मारून जोडाव्यात, काठी पुढे करावी. हे घरी इमारतीच्या आवारात दोन-चारदा करून पाहावे. पहिल्यांदा फेकणाऱ्याचा नेम सहसा चुकतो.

मुलांचा बंदोबस्त वेगळा लागतो. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस, आणि ते हात लांब केला की लागेल इतके जवळ. ‘सगळे आहोत ना लक्ष ठेवायला’ म्हणजे कोणीच नसते. म्हणून पाळी लावावी: वीस मिनिटे एकाने फक्त पाहायचे, फोनला हात लावायचा नाही, मग दुसऱ्याला सांगून उठायचे. बुडणारे मूल ओरडत नाही. श्वास घेण्यातच त्याचा सगळा जीव गुंतलेला असतो, आणि अर्ध्या-एक मिनिटात ते दिसेनासे होते. दंडात घालायचे फुगे आणि हवेची ट्यूब ही खेळणी आहेत. जॅकेट फोमचे, मुलाच्या वजनाला बेतलेले, पायांमधून पट्टा असलेले हवे. ते घालून खांद्याशी धरून वर उचलून पाहावे, हनुवटी गळ्यातून आत गेली तर ते मोठे आहे. जीन्स पाण्यात जड होते, लांब रेनकोट प्रवाहात शिडासारखा भरतो, स्लिपर पहिल्या शेवाळावरच दगा देते. वीस मिनिटांनी मुलाला बाहेर काढून अंग पुसावे. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले की त्या दिवशी पुन्हा पाणी नाही.

निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिजोरदार. आकडा दिवसाचा असतो, ओढा मात्र तासाच्या पावसाने चढतो. दिवसभर रिमझिम पडून ७० मिलिमीटर झाला तर ओढा सोसतो, त्यातला ५० एका तासात पडला तर सोसत नाही. म्हणून जागेवर पोचल्यावर तीन तासांचा तात्कालिक अंदाज पुन्हा पाहावा आणि डोंगराचा माथा ढगात गेला असेल तर पाण्यात उतरू नये. फोनला रेंज नसेल तर ती जागा मुलांना नेण्याची नाही, एवढे साधे गणित आहे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आपल्याकडे अजूनही त्याला उलटे टांगतात, गरगर फिरवतात, पोट दाबतात. याने वेळ जातो आणि पोटातले पाणी फुप्फुसात जाण्याची भीती असते. श्वास चालत नसेल तर उताणे निजवावे, डोके मागे करून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबावे, मिनिटाला १०० ते १२० या लयीत, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतके. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३०. दरम्यान दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावावा. मूल शुद्धीवर येऊन हसू लागले तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उमटतो, खोकला आणि धाप लागते.

तलाव आणि धरणांविषयी थोडे. नवी मुंबईच्या कडेला, तुर्भे-पावण्याच्या बाजूला, जुन्या दगडखाणींत पावसाचे पाणी साठते आणि हिरवेनिळे सुंदर तळे दिसते. नैसर्गिक तलावाला उतार असतो, खाणीला कडा असतो. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल दोन-तीन पुरुष खोल पाण्यात पडते आणि चढून यायला हाताला काही लागत नाही. हे पाणी मुलांना दुरूनही दाखवू नये, मोठी होऊन ती मित्रांबरोबर तिथेच जातात. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी ७२.६० मीटरला पोचली की ते आपोआप उघडतात. धरण भरत आले असताना खालच्या पात्रात सहलीला बसणे म्हणजे उघडणाऱ्या दारासमोर बसणे. भातसा धरणाच्या खालीही विसर्गाचा इशारा आला की नदीपात्र सोडावे. बोटीत बसताना माणसे मोजावीत आणि जॅकेट अंगावर असल्याशिवाय बोट सुटू देऊ नये. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या, त्या बोटीत क्षमतेहून जास्त माणसे होती. आपल्या ठाण्याच्या मासुंदा तलावात नौकाविहार करणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावे, शहराच्या मधोमध आहे म्हणून पाणी उथळ होत नाही.

पाणी पाहायला मुलांनी जाऊच नये, असे आम्हाला अजिबात वाटत नाही. ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठावर पावसात चालणे, हिवाळ्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहणे, कर्नाळ्याच्या जंगलात पक्ष्यांचे आवाज ओळखणे, हे सगळे लहान मुलांसाठी भरपूर आहे. पण धबधब्याची ओढ वेगळी असते आणि ती नुसत्या बंदीने जात नाही. म्हणून वनखाते, सिडको, ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिका आणि जिल्हा प्रशासनाने लहान पाणलोटाच्या, कमी उंचीच्या दोन-तीन जागा निवडून कुटुंबांसाठी देखरेखीखाली खुल्या कराव्यात. सकाळी आठ ते दुपारी एक, मोजक्या तिकिटांवर, तिकिटासोबत मुलाला जॅकेट, दोन्ही काठांना दोर आणि तो फेकता येणारी माणसे. माथ्यावरच्या पाड्यांतल्या तरुणांना हंगामापुरती मजुरी देऊन वर पाऊसमापक आणि वायरलेससह बसवावे. वर सर लागली की खाली भोंगा वाजेल, आणि ती आठ-नऊ मिनिटे सगळ्यांना मिळतील. वरचे पाणी कधी खाली येते हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही, आणि आज त्यांना कोणी विचारत नाही.

ओढ्यातल्या एका ठळक खडकावर हिरवा, पिवळा, लाल असा रंगाचा पट्टा मारायला एक दिवस आणि तीन डबे रंग लागतात. पाणी पिवळ्याला लागले की सगळे बाहेर. खाणींच्या तळ्यांना मात्र रंग नको, कुंपण हवे.

आणि फलक बदलावेत. मराठी आणि हिंदीत, वीस पावलांवरून वाचता येईल अशा अक्षरांत, पुढचा मजकूर लिहावा अशी आमची विनंती आहे:

‘इथे पाणी वरून येते. खाली ऊन असतानाही दहा मिनिटांत कमरेएवढे चढू शकते. पाणी गढूळ झाले की सामान सोडा आणि आडवे वर चढा. ओढा ओलांडू नका. पलीकडे अडकलात तर तिथेच थांबा, शिट्टी वाजवा, ११२ लावा.’

आपले,
मुलांना घेऊन डोंगरात जाणारे काही वाचक,
ठाणे व नवी मुंबई